कोपऱ्यावरच्या बागेला भिंत किती उंच?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आमचं घर नागपुरात, एका जुन्या ले-आऊटमध्ये, कोपऱ्याच्या प्लॉटवर आहे. प्लॉट चाळीस बाय साठचा. चाळीस फुटांची बाजू मोठ्या रस्त्यावर, साठ फुटांची बाजू आतल्या तीस फुटी रस्त्यावर. जुनी भिंत चार फुटांची. सिमेंट रोड झाल्यापासून अंगण रस्त्यापेक्षा फूटभर खाली गेलं, त्यामुळं बाहेरून ती भिंत तीनच फूट उरली. गाई मान आत घालून जास्वंद खातात, पहाटे लोक फुलं तोडून नेतात. आमच्या यांचं म्हणणं, सात फुटांची पक्की भिंत घालून टाकू. ठेकेदार म्हणतो, नालीपर्यंत दीड फूट पुढं घ्या, सगळेच घेतात. फाटकही बाहेर उघडणारं करू, म्हणजे आत गाडीला जागा होईल. समोरच्या वहिनींनी हे ऐकलं आणि 'असं केलंत तर मनपात तक्रार करीन' म्हणाल्या. वीस वर्षांचं येणंजाणं, आता बोलणं बंद आहे. भिंत आमच्या जागेत, बाग आमची. त्यांना त्याचं काय?"

ताई,

सात फुटांची सलग भिंत तुमच्या कोपऱ्यावर घालता येणार नाही. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पत्रावरून असं दिसतं की ठेकेदार विटा उतरवायच्या बेतात आहे. त्याला सध्या थांबायला सांगा. विटा कुठं जात नाहीत, आणि बांधलेली भिंत पाडायची तर पुन्हा वेगळा खर्च येतो.

आता नियम काय ते बघा. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच नियमावली लागू झाली: एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. नागपूरही त्यातच येतं. त्यात आवारभिंतीची कमाल उंची १.५ मीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच दिली आहे. याहून उंच हवी असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटरचा भाग उघडा हवा. ग्रिल चालेल, जाळी चालेल, आरपार दिसलं पाहिजे, आणि त्याचं डिझाइन मंजूर करून घ्यायचं. कोपऱ्याच्या प्लॉटला वेगळी अट आहे. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत पक्की भिंत ०.७५ मीटरच्या वर नेता येत नाही. अडीच फुटांनाही अर्धा इंच कमीच. त्यावर उरलेली ०.७५ मीटर उंची ग्रिलनं भरून काढायची, म्हणजे एकूण पुन्हा १.५ मीटर.

हे तुमच्या प्लॉटवर मांडून बघा. १० मीटर म्हणजे जवळपास तेहतीस फूट. चाळीस फुटांच्या बाजूला कोपऱ्यापासून तेहतीस फूट गेले की पूर्ण उंचीच्या भिंतीला सातच फूट उरतात. साठ फुटांच्या बाजूला मात्र सत्तावीस फूट उरतात. म्हणजे मोठ्या रस्त्याकडची तुमची जवळजवळ सगळी बाजू खाली पक्की आणि वर उघडी अशीच राहणार. यांना हे आवडणार नाही, मला कल्पना आहे. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, आणि ती ठेकेदारानं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही.

ही उंची जमिनीपासून मोजत नाहीत. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. तुमचं अंगण रस्त्याच्या फूटभर खाली गेलं, ही सिमेंट रोडनं केलेली अडचण खरी, पण भिंतीच्या हिशेबात ती तुम्हाला फूटभर देऊन जाते. बाहेरून चार फूट अकरा इंच असलेली भिंत आतून पाच फूट अकरा इंच भरेल. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या माणसाचं डोकंही बाहेरून दिसणार नाही. साठ फुटी बाजूच्या त्या सत्तावीस फुटांत यांना आतून सातच फूट हवे असतील, तर ती बाहेरून सहा फूट होते: खाली तीन फूट पक्की आणि वरचे तीन फूट, म्हणजे ते ०.९ मीटर, ग्रिल. म्हणजे यांची सात फुटांची इच्छा तिथं नियमात बसते. कोपऱ्यावर पक्की भिंत आतून साडेतीन फुटांच्या आसपास येईल, आणि त्यावर ग्रिल.

हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पंधरा मीटरची. तिच्यात पाणी भरा आणि आत बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला की लेव्हल खोटी येते. नळीचं एक टोक रस्त्याच्या मधोमध उभ्या धरलेल्या काठीला लावा, दुसरं टोक भिंतीच्या कोपऱ्याला. पाणी हलायचं थांबलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीत असतं. काठीवर रस्त्यापासून पाण्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढं भिंतीकडच्या टोकातल्या पाण्याच्या पातळीपासून खाली मोजलं की रस्त्याच्या मध्याची पातळी तुमच्या भिंतीवर मिळते. तिथं खडूनं रेघ मारा. पुढची सगळी उंची त्या रेघेपासून. रस्ता कडेला उतरता असतो आणि मध्ये उंच, म्हणून काठी मध्यावरच धरायची, नालीजवळ नाही. दोन्ही रस्त्यांची पातळी सारखी असेलच असं नाही, तेव्हा रेघा दोन मारा.

आता तुमचा प्रश्न: 'त्यांना त्याचं काय?'

ताई, एकदा संध्याकाळी सहाच्या सुमाराला तुमच्या कोपऱ्याबाहेर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसा. तुमचे डोळे साधारण कारच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांइतके खाली यायला हवेत. रस्त्यांची आखणी करणारे ती उंची १.२ मीटर धरतात. तिथून बाजूच्या रस्त्यावर काय दिसतं ते बघा. आज तीन फुटांच्या भिंतीवरून तुम्हाला येणारी सायकल दिसते, सायकलवरचं पोरगं दिसतं. सहा फुटांची पक्की भिंत असेल तर त्या जागी फक्त प्लास्टर दिसेल. ताशी ३० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला समोरचं पाहून, समजून, ब्रेक लावून थांबायला ३० मीटर रस्ता दिसत असला पाहिजे, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा हिशेब आहे. आंधळ्या कोपऱ्यावर पाच-सहा मीटरही मिळत नाहीत. आणि पाऊण मीटरच का, याचंही उत्तर तिथंच आहे. चार-साडेचार वर्षांचं मूल मीटरभर उंच असतं. पाऊण मीटरच्या भिंतीमागून त्याचं डोकं दिसतं. सव्वा मीटरच्या भिंतीमागून ते अख्खं नाहीसं होतं.

समोरच्या वहिनींकडं लहान मूल आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. पण वीस वर्षं ज्यांच्याकडं हळदीकुंकवाला गेलात, त्यांनी भिंतीचं नाव ऐकताच एवढं टोकाचं बोलावं, यामागं भीती असणार असं मला वाटतं. ती भीती बरोबर आहे. तुमची बाग तुमची, पण त्या कोपऱ्यावरून जे दिसतं त्यावर तिथून जाणाऱ्या सगळ्यांचा हक्क आहे, आणि नियमानं तेवढाच त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

नालीपर्यंत दीड फूट पुढं घेण्याचा विचार तर मनातून पूर्ण काढून टाका. ले-आऊटमधला तीस फुटी रस्ता म्हणजे डांबर किंवा सिमेंट दिसतं तेवढाच नसतो. समोरासमोरच्या दोन प्लॉटच्या हद्दींमधलं सगळं अंतर रस्ता असतो. नाली, तिच्या अलीकडची माती, तुमच्या फाटकासमोरचा रपटा म्हणजे गाडी चढवायचा उतार, सगळं त्यात आलं. आपल्याकडं कित्येक घरांसमोर ही पट्टी जाळी ठोकून आत घेतलेली दिसते. आत चार गुलाब, एक कढीपत्ता, एखादा तुळशीचा कट्टा. लावणाऱ्यांनी मनापासून लावलेलं असतं, उन्हाळाभर पाणी घातलेलं असतं. पण तिथून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या जाळीला वळसा घालून भर रस्त्यात उतरावं लागतं. त्या पट्टीखालून नळाची लाइन जाते, कुठं गडर लाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं, चेंबर असतं, कुठं केबल. चोक काढायला माणसं आली की सगळ्यात आधी जाळी आणि गुलाब उखडले जातात, आणि तेव्हा तक्रारीला जागा नसते. सार्वजनिक रस्त्यावरचा असा अडथळा मनपा नोटीस न देताही काढू शकते. 'सगळेच घेतात' हे त्या दिवशी कामाला येत नाही.

नालीवर बांधकाम चढवलं तर पाण्याचं काय होतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरलं. त्याची कारणं मोठी आणि वेगळी होती. पण प्रत्येक गल्लीतली नाली वाहती असली, तर पाणी उतरायला तेवढे तास कमी लागतात. तुमचं अंगण रस्त्याच्या खाली आहे, म्हणून तुम्हाला तर ती उघडी आणि साफ असण्याची गरज इतरांपेक्षा जास्त. भिंत कुठलीही घाला, अंगणातलं पाणी बाहेर काढायची वाट आधी ठरवा आणि मग पाया खणा.

रस्त्याकडं हिरवं हवंच असेल तर भिंतीबाहेर एखादं झाड लावा, मनपाच्या उद्यान विभागाला विचारून, भोवती ट्री गार्ड लावून. झाडाच्या बाजूनं माणूस जाऊ शकतो. कुंपणाच्या बाजूनं जाता येत नाही.

फाटकाबद्दल नियमावली स्पष्ट आहे: ते पूर्णपणे आतच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. हे मी कागदावरचं म्हणून सांगत नाही. कामाला लागल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी एका घराच्या नकाशात बाहेर उघडणारं फाटक काढलं होतं. पोर्च लहान होता, घरमालकांचा आग्रह होता, आणि मला नाही म्हणता आलं नाही. एका सकाळी घरातल्या मुलानं फाटक ढकललं आणि त्याच क्षणी दूधवाला सायकलवरून आला. त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. डाव्या बाजूची कॅन आडवी झाली होती आणि दूध नालीकडं वाहत होतं. मी दुपारी पोहोचले तेव्हा ते वाळून पांढरा डाग राहिला होता. दोन महिने त्याला हँडल धरता आलं नाही. त्या नकाशावर सही माझी होती, आणि ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून जागा कमी असली की मी सरकतं फाटक सुचवते, भिंतीला समांतर, आतल्या बाजूनं रुळावर. गाडीला जागा तेवढीच मिळते. तुमच्या बाबतीत फाटक साठ फुटांच्या बाजूला, कोपऱ्यापासून शक्य तितकं लांब घ्या. आता ते कोपऱ्याच्या जवळ असेल तर हलवायची हीच वेळ आहे.

बागेचं म्हणाल तर मला वाटतं उंच भिंतीपेक्षा ग्रिल तुमच्या झाडांच्याही जास्त कामाची आहे. मोठ्या रस्त्याकडची सलग भिंत एप्रिल-मे महिन्यात तापते, आणि तिच्या पायथ्याचा मोगरा तुम्ही दोनदा पाणी दिलं तरी होरपळतो. ग्रिलमधून वारा खेळतो. गाईसाठी ग्रिलच्या सळाखी उभ्या आणि जवळजवळ घ्या. आडव्या पट्ट्या घेतल्या की मुलं त्यावर चढतात आणि गाय त्यातून तोंड घालते. बाहेरून पाच फुटांच्या उंचीवरून गाय सहसा मान आत टाकत नाही, पण जास्वंद ग्रिलला चिकटून लावली तर पानं स्वतःच बाहेर येतात. ती दोन-तीन फूट आत घ्या. मग फुलं तोडणाऱ्यांचा हातही पोहोचत नाही. ग्रिलच्या कडेनं कोपऱ्यावर सदाफुली लावा. नागपूरचा उन्हाळा ती सोसते, दोन-अडीच फुटांच्या फार वर जात नाही, आणि कडू असल्यामुळं गुरं तिला तोंड लावत नाहीत. मेंदीचं कुंपण मला स्वतःला फार आवडतं, पण कोपऱ्याच्या त्या तेहतीस फुटांत नको. नियमात शब्द भिंतीचा आहे, पण दाट मेंदीतून भिंतीइतकंच कमी दिसतं, आणि पावसाळ्यात ती दर पंधरवड्याला छाटणं कोणाला जमत नाही. मधुमालती, बोगनवेल यांचंही तेच. मंजूर केलेल्या उघड्या ग्रिलवर वेल चढवली की दोन वर्षांत ती हिरवी भिंत होते. वेली त्या सत्तावीस फुटांच्या बाजूला चढवा, तिथं हव्या तेवढ्या. कण्हेर मात्र कुठंच लावू नका. गाय खात नाही म्हणून बरेच जण कुंपणाला लावतात, पण तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी असतं, आणि रस्त्याच्या कडेनं मुलं हाताला येईल ते तोडत जातात.

बांधकामाबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं तुमचा मिस्त्री जाणतो. जमीन काळ्या मातीची असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. फूटभर खणून उभी केलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्याकडं झुकते. साडेचार इंची विटेच्या उंच भिंतीला तर मी हात लावू देणार नाही. मे-जूनच्या वादळात पडते ती हीच, आणि पडते तेव्हा तिच्या सावलीला कोण बसलं आहे ते बघत नाही.

कागदांचं आता. ठेकेदार तुमची हद्द जुन्या भिंतीवरून धरणार आहे. जुनी भिंत हद्दीवरच आहे याची खात्री करा. तुमच्या ले-आऊटचं गुंठेवारीत, म्हणजे विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांच्या योजनेत, नियमितीकरण झालं असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आर.एल., म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, घरात असेल. त्यासोबतचा नकाशा काढा आणि प्लॉटची मापं, समोरच्या रस्त्यांची रुंदी ताडून बघा. फरक वाटला तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्या. फी भरावी लागते, दिवसही जातात, पण समोरच्या घराशी आधीच वाकडं आलेलं असताना मोजणीचा कागद हातात असणं फार मोलाचं. ले-आऊटचा मंजूर नकाशा कोणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. विकास आराखड्यात तुमच्या समोरचा रस्ता रुंद व्हायचा आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. तसं असेल तर पक्की भिंत आताच नव्या रेषेच्या आत घेणं शहाणपणाचं. हे सगळं घेऊन तुमच्या झोन कार्यालयात जा, ग्रिलच्या भागाचं साधं रेखाचित्र सोबत न्या, आणि मंजुरी लेखी घ्या. 'काही होत नाही, करून टाका' असं तोंडी कोणी म्हणालं तर त्यावर काम सुरू करू नका.

आणि वहिनींनी तक्रार केलीच, नोटीस आलीच, तर ती कपाटात ठेवू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस आल्यावर झालेलं बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगी मागता येते, पण मुदतीच्या आत, आणि जे मुळात नियमात बसतं त्याच्यासाठीच. कोपऱ्यावरची सात फुटी भिंत त्यात बसणार नाही. साडेतीन फुटांची आणि ग्रिलची बसेल.

पण मला वाटतं एवढी वेळ येऊ देऊ नका. रविवारी सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आधी, पाण्याची ती नळी काढा. ती एकट्यानं लावता येत नाही. एक टोक तुमच्या भिंतीशी धरायला यांना उभं करा. खडू तुमच्या हातात ठेवा. आणि रस्त्याच्या मध्यावर काठी धरायला समोरच्या वहिनींना हाक मारा.